कोकराचा कान

वाळूज, १० नोव्हेंबर १९९३

आत्या,

पाया पडते. पत्र हातात पडल्या पडल्या "कोण गेलं गं बाई" म्हणून ओरडू नको, सगळे खुशाल आहेत. आप्पाची या आठवड्यात दुसरी पाळी आहे, दुपारी कंपनीच्या बसनं जातो. आई गुडघे धरून बसते आणि विकलेल्या मेंढ्या आठवते. मुंजादादाचा टेलिफोनचा बूथ जोरात चालतो. पाळी सुटली की कामगार गावाकडं फोन लावायला रांग करतात. दादाला दिसत नसलं तरी नंबर एकदा ऐकला की तो विसरत नाही.

आता काम. जानेवारीत आमच्या कॉलेजात विज्ञानाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. सरांनी प्रत्येकाला एकेक शोध वाटून दिलाय. तो आपल्या गावात कधी पोचला, कुणी आणला, लोकांनी त्याचं काय केलं, ते विचारून यायचं. मी देवीची लस मागून घेतली. का, ते तुला सांगायला नको.

पुस्तकात असं आहे, की दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत गाईंची धार काढणाऱ्या बायांना देवी येत नाही हे एका डॉक्टरच्या ध्यानात आलं. गाईच्या आचळावरचे फोड त्यांच्या हाताला लागायचे, तेवढ्यानं त्या वाचायच्या. त्यावरून लस निघाली, आणि आता देवीचा रोग सगळ्या जगातून गेलाय. सर म्हणतात, आपल्याकडं लोक अज्ञानामुळं, देवीच्या भीतीनं लस घेत नसत. पण आपलं तसं नव्हतं ना? तू तर नेहमी सांगतेस, "देवी डॉक्टर आलाच नाय."

सदुसष्ट साली आई-आप्पा मेंढरं घेऊन तापीकडं गेलेले, तीन वर्षांचा दादा तुझ्याजवळ. म्हणजे डोळ्यानं बघितलेली तूच एकटी. कोण होता तो डॉक्टर, का आला नाही, नीट लिहून दे. नकला-चेष्टा नको. भिंतीवर लावायचंय.

तुझी सारजा


बोरमाळ, २० नोव्हेंबर १९९३

सारजे, बाई,

तुझं पत्र आलं तवा मी शेण थापत व्हते. पोस्टमन वरडला, "बानाबाई, कॉलेजातून पत्र हाय." म्हणलं, ठिव वळचणीला, माझं ॲडमिशन झालं असंल. सगळा वाडा हसला. तुला बघाया येणाऱ्या पोराला आधीच सांगून ठिवा, आमची पोरगी फोडांवर निबंध लिहिती, सैपाक पोरानं करायचा.

अक्षराला हसू नको. मी चौथी शिकलेली, त्यात दोन वर्सं निजामाची, आलिफ-बे करण्यातच गेली. मंग राज बदललं आन् मराठी पाटी हातात आली. तवर माझं लग्नाचं वय झालं म्हणत व्हते घरचे. दहावं लागलं व्हतं.

तुझ्या विलायतेच्या गवळणींचं वाचून लई करमणूक झाली. त्या डॉक्टरला म्हणावं, येवढ्या लांब कशाला गेला, आमच्या वाड्यात यायचं व्हतं. मेंढ्यांना बी देवी येती, ठाऊक हाय का? कळपात शिरली की निम्मा कळप आडवा. मंग माझी आजी काय करायची, ज्या मेंढीला हलकी आली तिची खपली काढायची, उगाळायची, बाभळीचा काटा त्यात बुडवून कोकराच्या कानाला टोचायची. आठ दिवस कोकरू मलूल, कानाला एक फोड, मंग जन्मभर काळजी नाय. आजीनं मला शिकवलं. सगळ्या वाड्यात माझा हात हलका म्हणायचे. लाव हे भिंतीवर. माझा फोटू बी लाव, पण तरुणपणचा.

आता देवी डॉक्टरचं. पुंजाराम त्याचं नाव. आपल्याच गावचा, खालच्या वाड्यातला, जिथं आता निळा झेंडा हाय तिथला. सातवी झाला आन् सरकारनं त्याला लस टोचायला नेमला. बारा गावं त्याच्याकडं. सगळीकडं गेला असंल, आमच्या धनगरवाड्याकडं फिरकला नाय. देवी आली, मुंजाबाचे डोळे गेले, तवा कुठं जीपमधून मोठा डॉक्टर आला. बाकीच्या बाया कणगीमागं दडल्या, सगळ्यात पयला दंड मी काढला! बटणायेवढे दोन वण हायेत, अजून. येशील तवा दाखवते.

बस, येवढंच. जास्त उकरू नको. मुंजाबाला म्हणावं, आत्याला बी एकदा फोन लाव, गावात फोन नसला म्हणून काय झालं.

तुझी आत्या


वाळूज, २ डिसेंबर १९९३

आत्या,

तुझं पत्र सरांनी वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसून हसून लोळली, पण कोकराच्या कानाचं आलं तेव्हा सर उठून उभे राहिले. म्हणाले, हे तर आपल्या माणसांचं विज्ञान आहे, याची स्वतंत्र पाटी कर. केली. "धनगरांच्या हातची लस." तुझं नाव मोठ्या अक्षरात टाकलंय.

आणि ऐक, पुंजाराम सापडला. आरोग्य खात्यातच आहे, तीन वर्षांनी रिटायर होईल. शहरात राहतो, भीमनगरला. गेले भेटायला. उंच माणूस, हळू बोलतो. मी बोरमाळची म्हटल्यावर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग आत जाऊन एक जुनी वही आणली. सदुसष्ट सालची रोजनिशी, ऑफिसच्या जुन्या कपाटात होती म्हणून वाचली म्हणे.

आत्या, कागदानं तुझं खरं केलं! फेब्रुवारीत तीन ठिकाणी त्याच्याच हातचं लिहिलंय, "बोरमाळ, धनगरवाडा. सर्व कुटुंबे रानात. भेट झाली नाही." तिन्ही वेळा तेच. आणि तू तर मुंजादादाला घेऊन वाड्यातच होतीस! म्हणजे हा आलाच नाही, घरी बसून लिहीत होता. खाली साहेबाची लाल शाई आहे, "कामात हलगर्जीपणा. ताकीद."

मी सरळ विचारलं, "काका, तुम्ही खरंच गेला होता का?" त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "बानाबाईंनी काय लिहिलंय?" मी सांगितलं. म्हणाला, "मग तेच लावा."

निघताना विचारत होता, "बानाबाई अजून नकला करतात का?" मी म्हटलं, रोज. तो थोडा हसला.

दुसरी पाटी अशी केलीय, "लस होती, पण पोचली नाही. लसटोचक पुंजाराम यांच्या हलगर्जीपणामुळं बोरमाळच्या मुंजाबाची दृष्टी गेली." शेजारी त्या पानाचा फोटो. छान झालीय ना?

सारजा


बोरमाळ, ९ डिसेंबर १९९३

सारजे,

पाटी चांगली आसंल, पण ती दुसरी लावू नको. जुनं झालं ते. त्याची बी आता पोरंबाळं असतील, नातवंडं असतील. म्हातारपणी माणसाला असं भिंतीवर टांगू नये.

कोकराची पाटी बी काढली तरी चालंल. मी उगं फुशारकी मारली.

थंडी लई पडली. आईला म्हणावं गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

आत्या


वाळूज, १६ डिसेंबर १९९३

आत्या,

तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही, म्हणून आईला वाटलं तू आजारी आहेस.

पाटी काढायचं मी दादाला सांगितलं. तो ऐकत नाही. म्हणतो, "सव्वीस वर्षं मी देवीलाच विचारत होतो, माझं काय चुकलं. आता माणूस सापडलाय." त्या दिवशी बूथ बंद ठेवून तो पाटीशेजारी उभा राहणार आहे. लोकांनी पाटी वाचायची आणि मग त्याच्याकडं बघायचं. आप्पालाही पटलंय.

सर मात्र थांबलेत. विद्यापीठाच्या नामांतराचं आता होणार म्हणतात. गेटवर पोलीस आहेत, शहरात जिकडं तिकडं तीच चर्चा. सर म्हणाले, "अशा दिवसांत एका बौद्ध माणसाच्या नावावर आपण ठपका ठेवतोय. कागद एक सांगतो, साक्षीदार तेच सांगतो, तरी साक्षीदाराला पुन्हा एकदा विचार."

म्हणून विचारते. पुंजाराम वाड्यात आला नव्हता, हे खरं का? होय किंवा नाही, एवढंच लिही. होय म्हणालीस की पाटी लागली.

सारजा


बोरमाळ, २८ डिसेंबर १९९३

सारजे,

सरांना म्हणावं, नाय. खोटं हाय.

येवढं लिहायला मला दहा दिवस लागले. पोस्टमन रोज इचारायचा, बानाबाई, टाकायचं हाय का काय? मी रोज त्याची टिंगल करून वाटं लावायचे.

पुंजाराम आला व्हता. एकदा नाय, तीनदा.

पयल्यांदा आला तवा मी मुंजाबाला काखेत घेऊन दारात बसले व्हते. मला पोटचं नव्हतं, तोच माझा. पुंजारामनं खाकी पिशवी लिंबाखाली ठिवली. काचेच्या नळीत लस, आन् एक गोल दात्याचं हत्यार, दंडावर ठिवून पिळायचं. बाया जमल्या. तो म्हणला, लेकरांचे हात पुढं करा. कुणी करीना. देवी कोपंल म्हणून नव्हं गं. हात त्यानं धरायचा व्हता म्हणून. त्याची बोटं आमच्या लेकरांच्या दंडाला लागणार व्हती म्हणून. जातीपायी, सरळ लिहिते. पण तोंडावर बोलणार कोण? सरकारचा माणूस. नाय म्हणलं तर कायद्यानं खटला बसायचा. सगळ्या एकमेकींकडं बघाया लागल्या, मंग माझ्याकडं.

मी उठले. बाभळीचा काटा उचलला, पदर खोवला आन् त्याच्यासारख्या लांब लांब टांगा टाकीत चालले. "बायांनो, हात काढा, सरकारची सुई आली! पर आधी चुलीवर आंघोळीचं पाणी ठिवा. देवी येईल तवा येईल, शिवाशीव आत्ताच झाली!" बाया अशा हसल्या, पोरं तर मातीत लोळली. पुंजाराम बी हसला. थोडासाच, कडंनं. पिशवी उचलून गेला.

दुसऱ्यांदा आला तवा वाड्यातली पोरं माझी नक्कल करीत त्याच्या म्हागं फिरली. मला करायची गरजच पडली नाय.

तिसऱ्यांदा आला आन् लांबच थांबला. हत्यार उकळलेल्या पाण्यात धुऊन आणलेलं व्हतं. ते त्यानं दगडावर ठिवलं, लसीची नळी शेजारी, आन् धा पावलं म्हागं सरला. म्हणला, "बानाबाई, मी शिवत नाय कुणाला. तुम्हीच टोचा. कोकराच्या कानाला काटा लावता नव्हं, तेच हाय हे. तुमच्या हाताला ठाऊक हाय."

मलाच का म्हणला, तर शाळेत तो व्हरांड्यात बसायचा आन् मी आत. मास्तरनं गणित घातलं आन् मला येईना झालं की बाहेरून बोटं दाखवायचा, चार, सात. त्याला वाटायचं मी शहाणी हाय.

आन् मला कळत व्हतं, सारजे. त्याच महिन्यात मी अठरा कोकरांचे कान टोचले व्हते. हत्यार दगडावर, मुंजाबा काखेत, त्याचा दंड उघडा. धा पावलं चालायची व्हती. पण बाया माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या, आता बाना काय बोलती म्हणून. हसू फुटायच्या आधी माणसं जशी बघतात ना, त्या बघण्याची मला नशा व्हती.

मी म्हणलं, "तुझ्या हातचं माझ्या कोकराला बी नको."

हसल्या सगळ्या.

त्यानं हत्यार उचललं, फडक्यात गुंडाळलं आन् गेला. वहीत लिहिलं, कुटुंबे रानात. खरं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोलीस माझ्या दारात असते. त्यानं आम्हाला कागदावर रानात पाठवलं आन् ताकीद आपल्या अंगावर घेतली. हे मला तुझ्या पत्रातनं कळलं. सव्वीस वर्सं मला ठाऊक नव्हतं.

बावीस दिवसांनी मुंजाबाला ताप आला. पुढचं तुला ठाऊक हाय. जीपमधून मोठा डॉक्टर आला तवा मी पयला दंड काढला ते खरं. ते नाय सांगितलं की पुंजारामच म्हागं उभा राहून हत्यार धुऊन, लस लावून डॉक्टरच्या हातात देत व्हता. हत्यार तेच, लस तीच. हात तेवढा बदलला आन् वाड्यानं रांग लावली.

तुझा बाप तापीकडून आला, पोराला बघितलं आन् मला इचारलं, "आक्के, लस नव्हती का आली?" मी म्हणलं, "आलाच नाय तो." झालं. गावभर तेच झालं.

अजून एक हाय. अठ्ठ्याहत्तर साली तू सहा वर्सांची व्हतीस. नामांतराचा ठराव झाल्याची खबर आली आन् गावं पेटली. भर दुपारी पन्नासेक माणसं खालच्या वाड्याकडं निघाली, माझ्या दारावरनं. साहेबराव पुढं व्हता. थांबला आन् म्हणला, "बानाबाई, तुमच्या भाच्याचे डोळे ह्या पुंज्यानंच घालवले ना?" त्यांना कारण लागत नव्हतं, विद्यापीठाचं नावच पुरं व्हतं. तरी त्यांनी मला इचारलं. मी व्हय म्हणून मान हलवली. तोंड बी उघडलं नाय. त्याचं घर पयलं जळलं. म्हातारी आई परसातनं निघाली म्हणून वाचली. महिन्याभरानं तो बदली करून घेऊन गेला, तो परत गावात आला नाय.

तू लिहितीस ना, अज्ञान. ते खोडून टाक. अडाणी असते तर मला तोंड दाखवाया जागा व्हती. मला येत व्हतं. म्हणून तुझ्या दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लाव, कोकराची बी आन् मुंजाबाची बी. पुंजारामचं नाव काढ आन् तिथं माझं घाल.

मुंजाबाला तूच वाचून दाखव. मला बोलता येणार नाय.

बाना


वाळूज, १६ जानेवारी १९९४

आत्या,

पत्र मोठ्यानं वाचलं. सगळं, एक अक्षर न गाळता. आप्पा मधेच उठला आणि पाळी नसताना कंपनीच्या रस्त्यानं चालत गेला. संध्याकाळी परत आला, जेवला नाही. आई म्हणते, तिला परत या उंबऱ्यात घेऊ नका.

दादानं तीन दिवसांत बूथवर दोन नंबर चुकवले. असं कधी झालं नव्हतं. चौथ्या दिवशी मला विचारलं, "ती कोकरं जगली का? आत्यानं टोचलेली?" मी म्हटलं, मला माहीत नाही. म्हणाला, "विचार."

पुंजारामकाकांकडं गेले. पत्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी विचारलं, "बानाबाईंनी स्वतः लिहिलंय?" हो म्हटलं. पत्र हातात घेऊन बसले, उघडलं नाही, परत दिलं. परवा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा ते गेटवर गेले होते. म्हणाले, "सकाळी गेलो, दिवस मावळेपर्यंत उभा होतो. पाय दुखले नाहीत." प्रदर्शनाला येणार नाही म्हणाले.

मला तुझा राग आलाय. आणि त्यांच्यासमोर मी ती वही हातात धरून "तुम्ही खरंच गेला होता का" असं विचारलं, त्याची मला लाज वाटते. ती तुझ्यामुळं वाटते की माझ्यामुळं, ते कळत नाही.

बावीस तारखेला प्रदर्शन आहे, औरंगपुऱ्याच्या बसथांब्यावरून चालत येता येतं. मी बोलवत नाही. तारीख सांगितली.

सारजा


बोरमाळ, ३० जानेवारी १९९४

पुंजारामभाऊ,

शाळेत पुंज्या म्हणायचे, वाड्यात देवी डॉक्टर. भाऊ म्हणायचा मला हक्क नाय, पण दुसरं काय लिहावं सुचंना. नको वाटलं तर येवढं खोडा आन् पुढं वाचा. न वाचता ठिवलं तरी चालंल.

माफी मागत नाय. मी मागितली की ती देण्या-न देण्याचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडतं. लई कामं केली तुम्ही आमच्या वाड्याची.

प्रदर्शनाला तुम्ही आला नाय, बरं केलं. काय झालं ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते. माझ्या तोंडचं तुमच्याबद्दल आधीच लई फिरलंय.

जायच्या आदल्या दिवशी मी साहेबरावाच्या वट्यावर जाऊन सांगितलं, तुम्ही तीनदा आला व्हता, मी परतवलं, आन् त्या दिवशी मी खोटी मान हलवली. चार माणसं बसली व्हती. साहेबराव म्हणला, "बानाबाई, ही नवी नक्कल कुणाची?" सगळे हसले. मी म्हणलं, माझी. तवापास्नं मला कुणी हळदी-कार्याला गाणी म्हणाया बोलवीत नाय. ठीक हाय.

कॉलेजात सारजेनं दोन्ही पाट्या शेजारी लावल्या व्हत्या. एकीवर कोकराचा कान, दुसरीवर मुंजाबा. खाली तुमच्या वहीतलं पान, आन् त्याच्याखाली तिनं लिहिलं व्हतं की हे पान खोटं हाय आन् कुणाला वाचवाया लिहिलं. माझं नाव घालून शेवटी "साक्षीदार" लिहिलं व्हतं. मी म्हणलं, साक्षीदार नको, गुन्हेगार लिही. ती म्हणली, सर म्हणतात तसं लिहिता येत नाय. मंग मी पाटीशेजारी उभी राहिले आन् येईल त्याला तोंडानं सांगितलं. पोरं यायची, वाचायची, मी म्हणायचे, "ती मी." एक पोरगी हसाया लागली, म्हातारी चेष्टा करती वाटलं तिला. मी पुन्हा सांगितलं, "ती बाई मी हाय." तिचं हसू गेलं. आख्ख्या जन्मात मी पयल्यांदा कुणाचं हसू थांबवलं.

माझा भाऊ सोनाजी, पोरांचा बाप, आला नाय. मुंजाबा आला, दुपार कलल्यावर. मी आवाज दिला नव्हता. तरी माझ्यापुढंच येऊन थांबला आन् म्हणला, "आत्या, तुझ्या लुगड्याला अजून गवरीचा वास येतो." एरवी मी त्याला धा उत्तरं दिली असती.

म्हणला, "ती कोकरं जगली का?"

म्हणलं, "जगली रे. अठराच्या अठरा."

त्यानं मान हलवली. मंग म्हणला, "दंड दे."

मी चोळीची बाही वर सारली. त्यानं बोट फिरवलं, फोनचा नंबर लावतो तसं, हळूहळू. एक वण, मंग दुसरा, मंग पुन्हा पयला.

"हे माझ्या म्हागून घेतलेत ना?"

"व्हय."

"किती दिवसांनी?"

"तुला ताप आला त्याच्या अकराव्या दिवशी."

माणसं गोळा झाली व्हती. मला वाटलं आता काय तरी म्हणंल. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. त्याचं बोट वणावरच व्हतं. मला ते सोसंना. बाही खाली ओढाया मी दुसरा हात नेला, तर त्यानं तो धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणला. "लोकांना बघू दे."

मंग तो पाटीच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला, मी ह्या बाजूला. प्रदर्शन बंद व्हईस्तवर मी बाही खाली केली नाय.

बाना